‘घरी सांगेन’ : सतरा वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण

आमच्या समुपदेशन केंद्राच्या नोंदवहीत वडिलांनी सांगितलेलं कारण असं लिहिलेलं आहे : ‘अभ्यासात लक्ष नाही, मोबाईलचं वेड, सारखी चिडचिड.’ मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्स. नीटच्या तयारीसाठी दीड वर्षापासून लातूरला. गाव एसटीने दोन तासांवर. वडिलांची कोरडवाहू शेती आणि जोडीला कृषी सेवा केंद्रावर नोकरी. सुरुवातीच्या टेस्टमध्ये ती बॅचमध्ये वरच्या नंबरात असायची. सहा महिन्यांत तिचे दीडशे मार्क घसरले, तेव्हा क्लासमधून वडिलांना फोन गेला, ‘मुलीकडे लक्ष द्या, भरकटतेय.’

ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत आणि एकाच वळणाने गेलेल्या दोन-तीन मुलींच्या हकिगती एकत्र केल्या आहेत. तिच्या आजूबाजूची माणसं भली होती. मैत्रीण, हॉस्टेलच्या मॅडम, क्लासचे सर, आत्या, वडील, यांतलं कुणीही तिच्या वाईटावर नव्हतं. तरीही सात-आठ महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण छळ कसा असतो याचं एक चित्र प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं होतं. त्या चित्रात नवरा होता, दारू होती, सुजलेला चेहरा होता. व्हिडिओ कॉलवर अभ्यास करणारी दोन मुलं त्यात कुठेच नव्हती.

हे क्वचित घडणारं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार १५ ते १९ वयाच्या, कधी ना कधी नात्यात असलेल्या मुलींपैकी २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. संख्येत सांगायचं तर जगभरात जवळपास १.९ कोटी मुली. आणि यात फक्त शारीरिक-लैंगिक हिंसाच मोजली आहे. या मुलीच्या नात्यातले पहिले पाच महिने या आकड्यात धरलेच गेले नसते.

बाटलीला टेकवलेला फोन

मुलगा एकोणीस वर्षांचा, रिपीटर, म्हणजे नीटचा दुसरा प्रयत्न. फिजिक्स पक्कं. क्लासमध्ये शांत, सरांच्या मर्जीतला, आईवडील दोघंही नोकरीत. ओळख अभ्यासिकेत झाली. तिची गणितं अडली की तो समजावून सांगायचा. मग रात्री व्हिडिओ कॉल लावून अभ्यास सुरू झाला. परीक्षेची तयारी करणारी अनेक मुलं असं करतात आणि त्यात वावगं काही नाही. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायचा, आवाज बंद, दोघं आपापल्या वहीत. समोर कुणीतरी जागं आहे म्हटलं की झोप आवरता येते. घर सोडून आलेल्या मुलीला ती सोबत हवीशी वाटली.

हळूहळू कॉल कट झाला की कारण द्यावं लागू लागलं. बाथरूमला जाताना सांगून जायचं. खोलीत कोण आलं ते कॅमेरा फिरवून दाखवायचं. झोपतानाही कॉल चालूच ठेवायचा. एकदा रात्री चार्जिंग संपून फोन बंद पडला, तर सकाळी सहाला तो हॉस्टेलच्या गेटसमोर उभा. मैत्रिणींना ते भारी वाटलं. ‘किती काळजी करतो गं तुझी,’ असं त्या म्हणाल्या आणि तिलाही तसंच वाटलं, हे तिने मला स्वतःहून सांगितलं.

पुढे इन्स्टाग्रामचा पासवर्ड, मग लाइव्ह लोकेशन. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये मुलगा पार्टनर मिळाला, तर तो बदलून घ्यायला लावलं. खोलीतल्या मैत्रिणीशी बोलणं त्याला खटकायचं, ‘ती तुला बिघडवते’ म्हणून. पहिल्यांदा थप्पड बसली त्याच्या कितीतरी आधी तिचं जग त्या बाटलीला टेकवलेल्या फोनएवढं झालं होतं.

‘हात उचलला का?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न असतो आणि तो उशिराचा प्रश्न आहे. मी पहिल्या भेटीत तो विचारत नाही. मी विचारते, ‘त्याला न आवडणारं काही केलंस तर काय होतं?’ भांडण होतं, रुसवा होतो, असं उत्तर आलं तर ते बहुतेक जोडप्यांसारखंच झालं. ही मुलगी बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मी करतच नाही ना तसं.’

तिने पाठवलेले फोटो त्याच्याकडे होते. आधी आग्रह, मग ‘विश्वास नाही का माझ्यावर’, मग अबोला, आणि चार दिवसांच्या अबोल्यानंतर तिने ते पाठवले. त्यानंतर त्याला आवाज चढवायची गरजच उरली नाही. काहीही नाकारलं की दोन शब्द पुरायचे : ‘घरी सांगेन.’

या दोन शब्दांत एवढं बळ कुठून आलं, तिथे या प्रकरणाचं मूळ आहे. गेल्या वर्षी तिच्या गावातल्या एका मुलीच्या बॅगेत चिठ्ठी सापडली होती. पंधरा दिवसांत तिचं कॉलेज बंद झालं आणि स्थळ बघायला सुरुवात झाली. मुलीला ते माहीत होतं आणि तिने मोठ्या विश्वासाने ते मुलाला सांगितलंही होतं. त्याने पुढे हत्यार म्हणून वापरली ती तिच्या घराचीच भीती. घर तिला शिक्षा करेल याची दोघांनाही खात्री नसती, तर ती धमकी पोकळ ठरली असती.

कुणी काय पाहिलं

खोलीतल्या मैत्रिणीला सगळ्यात जास्त ठाऊक होतं. तिने सल्लाही दिला, ‘ब्लॉक कर आणि विषय संपव.’ मुलीने एकदा ब्लॉक केलंही. त्या संध्याकाळी त्याने तिच्या धाकट्या बहिणीला इन्स्टाग्रामवर ‘हाय’ असा मेसेज टाकला. फक्त ‘हाय’. रात्री अकराच्या आत तिने अनब्लॉक केलं. मैत्रीण वैतागली, ‘तुलाच नको असेल सुटका, तर मी काय करू?’ आणि बोलणं सोडलं. मैत्रिणीला मी दोष देत नाही, तीही सतराच वर्षांची. पण ‘एवढा त्रास आहे तर सोडत का नाही’ हा प्रश्न मोठी माणसंही याच सुरात विचारतात. नातं तोडायचा काळ हा बहुतेक वेळा सगळ्यात धोक्याचा काळ असतो. ताबा सुटतोय असं दिसलं की तो टिकवण्यासाठी माणूस पुढची पायरी गाठतो. ती परत गेली कारण तिने हिशोब केला होता, आणि तिच्या हातातल्या माहितीवर तो बरोबर होता.

हॉस्टेलच्या मॅडमनी तिला गेटवर त्याच्याशी बोलताना पाहिलं आणि नियमाप्रमाणे ताकीद दिली. मुलगी रडत होती हेही त्यांनी पाहिलं होतं. ‘या वयात होतंच असं, चार दिवसांत विसरतात,’ असं त्यांना वाटलं.

क्लासच्या सरांशी मी नंतर बोलले. त्यांना खरोखरच धक्का बसला होता. ‘तो? त्याला मी कधी आवाज चढवतानासुद्धा पाहिलं नाही.’ मुलीचं म्हणणंही सुरुवातीला जवळपास हेच होतं, की त्याला राग आवरत नाही, बाकी तो वाईट नाही. आम्ही मग दोघी मिळून आठवत गेलो. सर टेस्टच्या मार्कांवरून भर वर्गात बोलले तेव्हा राग आवरला. मेसमध्ये सीनियर मुलाने ढकललं तेव्हाही आवरला. स्वतःच्या वडिलांसमोर कायमच आवरतो. फोन भिंतीवर आपटला तो तिचा, स्वतःचा कधीच नाही. ही यादी वहीत लिहून झाल्यावर तिने ती दोनदा वाचली. राग आवरता न येणाऱ्या माणसाचा राग असा माणूस बघून, जागा बघून येत नाही.

तिच्या मनात आणखी एक गाठ होती, ती सोडवायला वेळ लागला. ‘मॅडम, मीपण त्याला मारलंय.’ एकदा त्याने दंड पिळला तेव्हा तिने त्याला ढकललं होतं, नखं लागली होती. त्या ओरखड्यांचे फोटो त्याने काढून ठेवले होते आणि अधूनमधून तो ते दाखवायचा. दोघांचंही चुकतंय, टाळी एका हाताने वाजत नाही, हे आत्यानेही तिला ऐकवलं होतं. अशा वेळी कुणी कुणाला किती वेळा मारलं याची बेरीज करून काही कळत नाही. कोण कुणाला घाबरतं, कुणी कुणासाठी कपडे, मैत्रिणी, झोपेच्या वेळा बदलल्या, ते बघावं लागतं. त्या मुलाने तिच्यासाठी काहीच बदललेलं नव्हतं.

हे मुलांच्या बाबतीतही घडतं. मैत्रिणीकडून असाच पहारा आणि अशाच धमक्या सोसणारे मुलगे आमच्याकडे आले आहेत. त्यांना ‘पुरुष असून?’ ही लाज अडवते. मुलगा-मुलगा किंवा मुलगी-मुलगी अशा नात्यात तर ‘घरी सांगेन’ ही धमकी दुप्पट जड होते.

स्कार्फ

हे उघड झालं ते मेसच्या मावशींमुळे. एप्रिल महिना, दुपारी बाहेर पाय ठेववत नाही असं ऊन, आणि मुलगी गळ्याला स्कार्फ गुंडाळून जेवायला आलेली. आवाज बसलेला. दोन घासांनंतर तिने ताट सरकवलं. गिळताना दुखत होतं. मावशींनी ‘काय लफडं आहे’ असं विचारलं नाही. कोपऱ्यात नेऊन त्या म्हणाल्या, ‘कुणी गळ्याला हात लावला का माय? मी कुणाला सांगणार नाही, पण डाक्टरकडं मी संगं येते.’

वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेऊनही आम्हाला याहून चांगलं विचारता आलं नसतं. त्यात संशय नव्हता, उपदेश नव्हता आणि पुढचं पाऊल होतं.

गळा दाबण्याबद्दल इथे सविस्तर लिहिते, कारण याला हलकं घेण्याची चूक मोठमोठी माणसं करतात. ‘नुसता हात ठेवला होता, चेष्टेत,’ असं मुलाने सांगितलं आणि ‘खूण तर कुठे फारशी दिसतेय?’ असं आत्या म्हणाली. अमेरिकेत सॅन दिएगो शहरातल्या गळा दाबण्याच्या ३०० प्रकरणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या पीडितांच्या गळ्यावर दिसेल अशी खूणच नव्हती. गळ्यातल्या रक्तवाहिन्यांवर नीट दाब पडला तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, थोडा वेळ काय घडलं ते न आठवणं, ही लक्षणं काही वेळा तासांनी, दिवसांनी समोर येतात आणि रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर नंतर पक्षाघाताचाही धोका राहतो. अमेरिकेतलाच २००८ मधला एक अभ्यास सांगतो की जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल, तर त्याच्याच हातून पुढे खून होण्याची शक्यता सातपटीने वाढते. म्हणून गळ्याचा उल्लेख आला की आम्ही समुपदेशन बाजूला ठेवतो आणि आधी दवाखाना गाठतो.

मावशी तिला जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर ‘गळा दाबल्याचा इतिहास’ असं स्पष्ट लिहिलं. पुढे त्या एका ओळीचं फार महत्त्व ठरलं.

वडील आणि कायदा

वडिलांना तोवर एवढंच कळलं होतं की पोरीचं कुणाशीतरी ‘प्रकरण’ आहे. ते थेट लातूरला आले, फोन काढून घेतला आणि तिला घेऊन गावी निघाले. वाटेत आत्याच्या आग्रहामुळे ते आमच्याकडे थांबले. त्यांचं पहिलं वाक्य, ‘मॅडम, पोटाला चिमटा घेऊन शिकवलं हिला.’ दुसरं वाक्य, ‘आता बारावी झाली की उरकून टाकतो.’

मुलगी शेजारीच बसली होती. मुलाने गेले कित्येक महिने तिला जे घडेल म्हणून सांगितलं होतं, अगदी तेच तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

मी वडिलांशी वेगळं बोलले. त्यांच्या रागाच्या तळाशी पोटच्या पोरीची धास्ती होती आणि ती खरी होती. मी त्यांना दवाखान्याचा कागद दिला. त्यांनी तो वाचला, मग पुन्हा वाचला. ‘गळा?’ एवढंच म्हणाले. मी विचारलं, ‘पहिली थप्पड बसली त्या दिवशी तिने तुम्हाला फोन केला असता, तर तुम्ही काय केलं असतं?’ ते प्रामाणिक माणूस आहेत. म्हणाले, ‘घरी आणली असती. कॉलेज बंद.’ मग मी त्यांना ‘घरी सांगेन’बद्दल सांगितलं. ते बराच वेळ बसून राहिले.

फोन काढून घेणं हा पालकांचा सगळ्यात आवडता उपाय आणि इथे तो सगळ्यात घातक ठरला असता. एक तर पुरावा सगळा फोनमध्ये होता. दुसरं म्हणजे तिचा फोन बंद झाल्यावर मुलाच्या हातात फोटो आणि धाकटी बहीण, एवढंच उरलं असतं. आणि मुलीच्या मनात पक्कं बसलं असतं की मदत मागितली की शिक्षा होते. फोन तिला परत मिळाला. मेसेज न पुसता त्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह घेतले. ते फोटो मात्र आम्ही पाहिले नाहीत, आमच्या फोनवर घेतलेही नाहीत. अल्पवयीन मुलीची अशी छायाचित्रं जवळ बाळगणं हा पोक्सो (बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अडचणीत आणणारा प्रकार आहे, मग हेतू कितीही चांगला असो. फोटो पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेचा उपयोग झाला. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने ती २०२३ मध्ये सुरू केली. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा अंकी ठसा तयार होतो आणि तो ठसा इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. व्हॉट्सअॅपच्या खाजगी चॅटवर याचा उपयोग होत नाही, हेही तिला स्पष्ट सांगितलं.

कायद्याची बाजू नाजूक होती. पोक्सो कायदा २०१२ चा. त्यानुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक, आणि बालकावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यामुळे पहिल्या भेटीच्या सुरुवातीलाच, मुलीने तोंड उघडण्याआधी, मी तिला सांगते की कोणत्या गोष्टी माझ्याजवळच राहतील आणि कोणत्या मला कळवाव्या लागतील. तेवढ्याने काही मुली गप्प होतात. मला याचं वाईट वाटतं. राजीखुशीने एकमेकांसोबत असलेली दोन मुलं आणि गळा दाबणारा मुलगा यांना एकाच मापाने मोजणारा हा नियम कित्येक मुलींना मदतीपासून लांब ठेवतो, असं माझं मत आहे. पण या प्रकरणात फोटो मिळवण्यासाठी टाकलेला दबाव, धमक्या, गळा, सगळंच होतं. मुलीलाही तक्रार हवी होती, फक्त पोलीस ठाण्यात जायचं नव्हतं.

तिथे तिला जावंही लागलं नाही. बालकाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि बालकाच्या विश्वासातल्या माणसासमोर घ्यावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. जबाब आत्याच्या घरी झाला. विश्वासातलं माणूस म्हणून मुलीने मेसच्या मावशींचं नाव दिलं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरून आणि बाल कल्याण समितीमार्फत तिला खटला संपेपर्यंत सोबत करणारी सहायक व्यक्ती मिळाली.

मुलाकडचे लोक दोनदा गावी येऊन गेले. पहिल्यांदा मुलाच्या करिअरचा दाखला देऊन. दुसऱ्यांदा, ‘नाहीतरी दोघांचं होतंच, वय झालं की लग्न लावून देऊ.’ गावातल्या दोन प्रतिष्ठितांना हा तोडगा उत्तम वाटला. गळा दाबणाऱ्या मुलाला मुलगी कायमची सोपवून अब्रू राखायची, असा त्याचा साधा अर्थ होता. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

आता

खटला सुरू आहे. मुलगी त्या वर्षी नीटला बसली नाही. दुसऱ्या वर्षी गावाजवळच्या तालुक्यातून तयारी करून बसली आणि सध्या सरकारी कॉलेजात बीएस्सी नर्सिंगला आहे. मानेजवळ कुणाचा हात आला तरी अजून दचकते. लेक्चरला खिडकीजवळची, दरवाजा दिसेल अशी जागा घेते. खोलीतल्या मैत्रिणीने परत बोलायला सुरुवात केली, तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी रडली. त्या मुलाची आठवण येते, असंही ती कधीकधी सांगते आणि सांगताना शरमते. आठवण येणं आणि त्याच्याकडे परत जावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यावर आमचं बोलणं चालू असतं.

यंदा धाकटी अकरावीला लातूरला निघाली. वडील तिच्या आधी केंद्रावर आले, तिला काय सांगू म्हणून विचारायला. माझ्या मते मुलांपासून सावध राहा, असं सांगायचं नव्हतं. ते ती शेकडो वेळा ऐकून आहे. त्यांनी तिच्यासमोर बसून एक गोष्ट बोलावी, असं मी सुचवलं : काहीही झालं, कुणाशीही झालं, चूक तुझी असली तरी, मला फोन कर. तुझं शिक्षण थांबणार नाही आणि लग्न उरकलं जाणार नाही. एसटीत बसवण्याआधी त्यांनी ते तिला सांगितलं. मोठीच्या समोर सांगितलं, हे त्यांना मी सुचवलं नव्हतं.